आरशासह की आरशाविना?

चातुर्मास संपून लग्नसराई आणि दीक्षामहोत्सवांचे दिवस जवळ आले, की जळगाव-धुळे परिसरातील आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास कानी येतो : कॅमेरा घ्यायचा आहे, डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? विचारणारे कधी नातवाच्या हट्टापुढे नमलेले आजोबा असतात, कधी छायाचित्रणाच्या व्यवसायात उतरू पाहणारा तरुण असतो, तर कधी संघाचा एखादा कार्यकर्ता, ज्याच्यावर महोत्सवाच्या छायाचित्रांची जबाबदारी आयत्या वेळी येऊन पडलेली असते. या तिघांना एकच उत्तर देता येत नाही. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना ‘यंत्र चांगले आहे का?’ या प्रश्नाआधी ‘ते कोणत्या कामासाठी हवे आहे?’ हे विचारावे लागे. कॅमेऱ्याच्या बाबतीतही सुरुवात तिथूनच करावी, असे माझे मत आहे.

प्रथम या दोन प्रकारांत मुळात फरक काय, ते पाहू. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावर आदळून वर जातो, आणि तेथून वळून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे आपण प्रत्यक्ष दृश्यच पाहत असतो. कळ दाबताक्षणी आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, सेन्सरवर प्रकाश पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. ‘खटक’ असा जो परिचित आवाज आपण ऐकतो, त्यात या आरशाचा वाटा मोठा असतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते ते डोळ्यापुढील चिमुकल्या पडद्यावर उमटते. आरसा गेल्यामुळे त्याच्या हालचालीसाठी राखलेली जागाही वाचली. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते तेथून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर असे. त्याच कंपनीच्या मिररलेसमध्ये ते १६ मिलिमीटर आहे. नव्या कॅमेऱ्यांचे सडपातळपण येथून आले.

आरशाच्या कॅमेऱ्याची परंपरा मोठी आहे. फिल्मच्या काळातील निकॉन एफ १९५९ मध्ये आला आणि पुढे अर्धशतक व्यावसायिकांच्या गळ्यात आरशाचाच कॅमेरा राहिला. लेन्स बदलता येणारा पहिला मिररलेस पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. सोनीने २०१३ मध्ये मोठ्या सेन्सरचा ए७ काढला तेव्हा जाणकारांचे लक्ष गेले, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही जुन्या पेढ्यांनी आपापले मोठ्या सेन्सरचे मिररलेस बाजारात आणल्यावर वाऱ्याची दिशा स्पष्ट झाली. २०२० नंतर या दोघांनी नव्या घडणीचा डीएसएलआर आणलेला नाही. पेंटॅक्स मात्र अजूनही आरशाला धरून आहे. परंतु आपल्याकडील दुकानांत तो विरळाच. एखाद्या कंपनीने नवे उत्पादन थांबवले म्हणून हातातले यंत्र निकामी होत नाही. मात्र पुढील दहा वर्षांसाठी लेन्स घेत राहायच्या असतील, तर घर कोणत्या रस्त्यावर बांधतो आहोत, हे पाहायलाच हवे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आरसा नसल्याने चित्र अधिक चांगले येते, असे विक्रेते सूचित करतात. ते खरे नाही. निकॉनचा डी७५०० हा डीएसएलआर आणि झेड५० हा मिररलेस यांची तुलना करून पाहा. दोघांचेही सेन्सर एकाच आकाराचे आणि २०.९ मेगापिक्सेलचे. त्याच प्रकाशात, तोलामोलाच्या लेन्सने काढलेली दोघांची चित्रे शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना ओळखता येणार नाहीत. अंधुक जागेत चित्र कसे येईल, हे ठरते सेन्सरच्या क्षेत्रफळावर आणि लेन्सच्या ॲपर्चरवर, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या दरवाजावर. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातल्या लेन्सपैकी एक असते. ज्यांच्याकडे चालू स्थितीतील डीएसएलआर आहे आणि तक्रार केवळ ‘घरात फोटो काळे येतात’ एवढीच आहे, त्यांनी नवा कॅमेरा न घेता ही एक लेन्स घ्यावी.

प्रकाशाचा विषय निघाला की खानदेशच्या माणसाला चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस आठवल्यावाचून राहत नाहीत. १९१२ मध्ये जन्मलेल्या या पारशी कलावंताने आयुष्याचा फार मोठा काळ चाळीसगावच्या रेल्वेस्थानकाजवळील आपल्या घरात, जवळजवळ एकांतवासात घालवला. त्यांची कीर्ती झाली ती टेबलटॉप छायाचित्रणासाठी. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, दिव्यांची जागा बदलत, ते असे दृश्य उभे करीत की पाहणाऱ्याला ते उघड्या माळावरचेच वाटावे. १९८९ मध्ये ते गेले; त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. कॅमेरा खरेदीला निघालेल्या तरुणाने दुकानात जाण्याआधी एकदा चाळीसगावला उतरावे आणि त्या चित्रांत उजेड कोणत्या बाजूने येतो आहे, ते शोधत थोडा वेळ घालवावा.

मग मिररलेसचा खरा लाभ कोठे? माझ्या मते तो आपल्या समाजाच्या कामात इतरांपेक्षा अधिक आहे, आणि त्याची कारणे तांत्रिक असली तरी मुळे आपल्या आचारात आहेत.

दीक्षाविधीचे उदाहरण घेऊ. गुरुभगवंतांच्या हातून ओघा स्वीकारून दीक्षार्थी आनंदाने नाचू लागतो, तो क्षण काही सेकंदांचा असतो. तो पुन्हा घडवून आणता येत नाही. ‘महाराजसाहेब, एकदा इकडे पाहा’ असे म्हणण्याची ती जागा नव्हे. भोवती गर्दी, मंडपात अर्धा उजेड आणि अर्धी सावली. अशा वेळी बहुतेक डीएसएलआरचे फोकसबिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटलेले असतात. दीक्षार्थी कडेला सरकला की फोकस मागच्या माणसावर जातो. अलीकडच्या मिररलेसमध्ये फोकसची कक्षा जवळजवळ संपूर्ण चौकटभर असते आणि कॅमेरा चेहरा, इतकेच नव्हे तर डोळाही ओळखून त्याच्यामागे राहतो. ज्या आईवडिलांचे लेकरू त्या दिवशी घर सोडून निघालेले असते, त्यांच्याकडे पुढे संसारातील म्हणून एवढेच एक चित्र उरते. तेथे फोकस चुकणे परवडत नाही. याच कारणास्तव, असे काम अंगावर घेणाऱ्याने दोन मेमरी कार्डे एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा घ्यावा. ही सोय आरशावर अवलंबून नाही. दोन्ही प्रकारांतील स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा एकच कार्ड बसते. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सर्व जग मध्यम करडे आहे असे धरून चालतो. म्हणून पांढऱ्याशुभ्र वस्त्रांतील साध्वीजी संगमरवरी भिंतीपुढे बसलेल्या असल्या, की चित्रात सारे मळकट करडे उतरते. आणि श्यामवर्णी पार्श्वनाथांची मूर्ती टिपताना उलट घडते, काळा पाषाण फिकट राखाडी होतो. अनुभवी छायाचित्रकार पांढऱ्यासाठी प्रकाश एक पायरी वाढवतो, काळ्यासाठी कमी करतो. डीएसएलआरच्या आरशातून पाहताना हा फरक डोळ्याला दिसत नाही, कारण डोळा थेट दृश्य पाहत असतो. चित्र काढून पडद्यावर पाहिल्यावरच चूक कळते. मिररलेसमध्ये कळ दाबण्याआधीच वस्त्र करडे दिसू लागते आणि चाक फिरवताच ते पांढरे होते. नवशिक्यासाठी मला हा सर्वांत मोठा गुण वाटतो. जाहिरातींत याची चर्चा फारशी नसते.

तिसरी गोष्ट आवाजाची आणि झोताची. प्रवचनाच्या शांततेत ‘खटक-खटक’ किती बोचते, ते श्रोत्यांना ठाऊक आहे. मिररलेसमधील इलेक्ट्रॉनिक शटर पूर्णपणे निःशब्द असते. कळ दाबली हे शेजाऱ्यालाही कळत नाही. फ्लॅशचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अनेक साधुसंप्रदायांत वीज ही सचित्त तेउकाय मानली जाते आणि म्हणून विजेचा दिवा, ध्वनिक्षेपक वर्ज्य असतात. तेथे फ्लॅशचा लखलखाट करणे म्हणजे केवळ असभ्यपणा नव्हे, तर समोरच्या व्रतस्थाच्या मर्यादेचा भंग होय. फ्लॅशविना चालणारे साधन म्हणून मोठ्या ॲपर्चरची लेन्स आणि मूक शटर उपयोगी पडतात. तथापि येथे एक सूक्ष्म गल्लत होते. कॅमेरा मुका झाला म्हणजे परवानगी मिळाली, असे नाही. मिररलेसही विजेवरच चालतो, त्याचा मागचा पडदा अंधाऱ्या उपाश्रयात चमकतोच. ज्या महाराजसाहेबांना छायाचित्रणच मान्य नाही, तेथे कॅमेरा पिशवीतच राहिला पाहिजे. प्रतिक्रमणात तर त्याचे कामच नाही. जेथे अनुमती आहे तेथेही मागचा पडदा बंद करून डोळ्याजवळच्या पडद्यावर काम करावे.

मूक शटरची एक खोडही सांगितली पाहिजे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही. परंतु इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने चित्रावर गडद-फिकट आडवे पट्टे उमटतात. मंडपातील रोषणाईत हे फार घडते. उपाय साधा आहे : तेथे यांत्रिक शटर वापरावे आणि वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा. वरघोड्यात झपाट्याने फिरणारी वस्तूही मूक शटरमध्ये तिरकी दिसू शकते. निःशब्दपणा प्रवचनासाठी राखावा, मिरवणुकीत आवाज झाला तर कोणाचे काय बिघडते?

आपल्या भागातील अजिंठा लेण्यांतही फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. याच अजिंठ्याशी छायाचित्रणाच्या इतिहासातील एक करुण कथा जोडलेली आहे. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने रंगवलेली चित्रे लंडनला गेली आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे तो कॅमेऱ्याकडे वळलेला होता. त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. गिलच्या काळी कॅमेरा वाहून न्यायला माणसे लागत. आज मांगीतुंगीच्या हजारो पायऱ्या चढताना पाठीवरचा अर्धा किलोही जाणवतो, विशेषतः साठी उलटलेल्यांना. वर उल्लेखिलेल्या जोडीत डी७५०० बॅटरी-कार्डासह सुमारे ७२० ग्रॅम, तर झेड५० सुमारे ४५० ग्रॅम भरतो. मात्र १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती एका चौकटीत बसवायची तर रुंद कोनाची लेन्स हवी, आणि मोठ्या सेन्सरच्या मिररलेसच्या लेन्स वजनाला काही हलक्या नसतात. केवळ बॉडीचे वजन सांगणाऱ्या विक्रेत्याला लेन्सचेही विचारावे.

सातपुड्यात पक्षी पाहायला जाणारी तरुण मंडळी आता आपल्याकडे वाढत आहेत, त्यांच्यासाठी थोडे. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता. तो नामशेष झाला असेच धरले जात होते. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, म्हणजे त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा सापडला. एकशे तेरा वर्षांनी! पुराव्यासाठी पक्षी मारून नेण्याची जुन्या काळची रीत होती. या वेळी छायाचित्र आणि चित्रफीत हाच पुरावा झाला. अहिंसेच्या दृष्टीने कॅमेऱ्याची याहून मोठी थोरवी मला ठाऊक नाही. रानपिंगळा दिवसाही वावरतो, यावलच्या जंगलातही तो आहे. त्याच्यासमोर शटरचा आवाज जितका कमी तितके बरे, म्हणून येथेही माझे मत मिररलेसच्या बाजूने पडते. पण मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला जवळ बोलावणे चालू असेल, तर मूक कॅमेऱ्याचा उपयोग शून्य.

आता दुसरी बाजू. मिररलेसचा सेन्सर आणि पडदा सतत जागे असतात, त्यामुळे बॅटरी झपाट्याने संपते. ठरावीक चाचणीपद्धतीनुसार डी७५०० एका भरणीत ९५० चित्रे काढतो, झेड५० सुमारे ३००. प्रत्यक्षात दोन्ही अधिक देतात, पण प्रमाण साधारण असेच राहते. सकाळी वरघोड्याला निघून संध्याकाळपर्यंत काम करायचे तर तीन बॅटऱ्या लागतील. हा खर्च किमतीतच धरावा. उष्णतेचेही तसेच. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंत वापरावे असे छापलेले असते आणि आपला मे महिना त्या आकड्याला जुमानत नाही. लांबलचक व्हिडिओ घेताना मिररलेस तापून बंद पडल्याच्या तक्रारी येतात. डीएसएलआरही तापतो, परंतु नुसते डोळा लावून वाट पाहत राहिल्याने तापत नाही. शिवाय लेन्स बदलताना मिररलेसचा सेन्सर बहुधा उघडाच असतो. उन्हाळी वावटळीत, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, पाठ वाऱ्याकडे करूनच लेन्स बदलावी. प्रवचनाचे संपूर्ण ध्वनिचित्रण करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : अनेक डीएसएलआर एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबतात.

आता पैशाचे. ज्यांच्याकडे कॅननच्या जुन्या लेन्स आहेत, त्यांना कंपनीचा जोडतुकडा वापरून त्या नव्या मिररलेसवर व्यवस्थित चालवता येतात. निकॉनवाल्यांनी जरा थांबावे. ज्या जुन्या ‘डी’ मालिकेच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या निकॉनच्या एफटीझेड जोडतुकड्यावर बसतात, पण आपोआप फोकस करीत नाहीत. घरात अशा दोन-तीन लेन्स असतील तर हिशेब पुन्हा मांडावा. दुसरीकडे, अनेक जण मिररलेसकडे वळल्याने वापरलेले चांगले डीएसएलआर बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मी आजही तेच सुचवतो. घेण्याआधी त्याने किती चित्रे काढली आहेत, तो आकडा पाहावा. डी७५०० चे शटर दीड लाख चित्रांसाठी तपासलेले आहे, त्यातील एक लाख वीस हजार खर्ची पडली असतील तर किंमतही त्याच प्रमाणात उतरली पाहिजे.

व्यवसायासाठी कर्ज काढणाऱ्यांशी मात्र थोडे स्पष्ट बोलतो. मुद्रा योजना २०१५ मध्ये आली. तिच्यातील ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्याला तारण लागत नाही, हप्ता मात्र लागतोच. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने नसतात. म्हणजे छायाचित्रकाराची कमाई चार महिने जवळजवळ थांबते, आणि हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. वर्षाची कमाई आठ महिन्यांत धरून, बारा महिन्यांचे हप्ते त्यातून वजा करून पाहावेत. उरलेल्या रकमेत घर चालत असेल तरच मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. अन्यथा मुहूर्ताच्या दिवसांत भाड्याने आणावा. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीवर सामान्यतः १५ टक्के घसारा धरतात, बाजार इतका सौम्य नसतो. नवे मॉडेल येताच जुन्या बॉडीचा भाव कोसळतो. चांगल्या लेन्सचा मात्र बराच टिकतो. म्हणून कर्ज काढायचेच तर लेन्ससाठी काढावे, बॉडी मध्यम घ्यावी. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेणाऱ्याला कंपनीची हमी मिळत नाही आणि नोंदणीकृत व्यावसायिकाची कर-वजावटही हातची जाते.

दुकानात जाताना अंगात पांढरा सदरा असावा आणि सोबत स्वतःचे मेमरी कार्ड. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या पडद्याशेजारील छोटे चाक फिरवून अक्षरे स्पष्ट दिसतात का, ते पाहावे. दुकानातील एलईडी दिव्यांखाली मूक शटरने दहा चित्रे काढावीत, मग यांत्रिक शटरने दहा. आरशात स्वतःच्या सदऱ्याचे एक. कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर पट्टे दिसतात का, सदरा पांढरा आला की करडा, हे घरातल्या सर्वांनी मिळून पाहावे. पैसे दुसऱ्या दिवशीही देता येतात.